दगडावरची तारीख

म्युनिकहून दक्षिणेला गाडीने तासाभराच्या आत, तेगर्नसे तळ्याच्या अलीकडे, डुर्नबाख नावाचं गाव लागतं. गावाबाहेर नीट राखलेल्या गवतात फिकट दगडांच्या रांगा आहेत. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या राष्ट्रकुल देशांतल्या २,९३४ जणांना इथे पुरलं आहे. त्यांतले बहुतेक विमानांतून पडलेले: बव्हेरिया, वुर्टेम्बर्ग, ऑस्ट्रिया, हेसेन, थुरिंगिया या मुलखावर बॉम्ब टाकायला आले आणि परत गेले नाहीत. पुण्याहून मामा आणि भाचा आले होते तेव्हा त्यांना तिथे घेऊन गेलो. परतीच्या वाटेवर गाडीत सुरू झालेला वाद रात्री ताटं सुकेपर्यंत चालला. भाचा म्हणाला, "ड्रेस्डेन जाळणाऱ्या खुन्यांची एवढी बडदास्त कशाला?" मामा म्हणाले, "अरे, ही पोरं नसती तर हिटलर जिंकला असता. हीरो आहेत ते." जेवायला आलेला एक मित्र तेवढ्याच शांतपणे म्हणाला, "इंग्रज आणि जर्मन आपापसांत लढले. आपला काय संबंध?"

तिघेही वाचणारे, विचार करणारे. तरी मला वाटतं, तिघेही एकाच ठिकाणी चुकले. कबरीपाशी थांबणं म्हणजे त्या माणसाच्या बाजूने निकाल देणं, असं तिघांनीही धरून चाललं होतं. खुनी ठरला तर थांबायचं नाही, हीरो ठरला तर थांबायचं, परका ठरला तर प्रश्नच मिटला. माझं म्हणणं असं की परदेशी मातीत पुरलेल्या या विमानवाल्याची आठवण ठेवली पाहिजे, नावानिशी ठेवली पाहिजे, आणि त्या रात्री तो काय करायला आला होता ते न लपवता ठेवली पाहिजे. यातला शेवटचा भाग गळला की आठवणीची आरती होते. नाव गळलं की माणूस जातो आणि धोरणाची चर्चा तेवढी उरते.

ब्रिटनमध्ये हा वाद दोनदा पेटला आणि दोन्ही वेळा भलत्याच वाटेने गेला. ३१ मे १९९२ रोजी लंडनमध्ये बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाईदलाच्या बॉम्बफेकी दलाचे, युद्धकाळातले प्रमुख आर्थर हॅरिस यांच्या पुतळ्याचं अनावरण राजमातेच्या हस्ते झालं. समारंभात निदर्शकांनी घोषणा दिल्या, पुढे पुतळ्यावर लाल रंग ओतला गेला. २८ जून २०१२ रोजी ग्रीन पार्कमध्ये त्याच दलातल्या मृतांचं स्मारक उभं राहिलं, तेव्हा दोन्हीकडून पुन्हा तीच वाक्यं फेकली गेली. पण या दोन गोष्टी एक कशा? हॅरिस हे शहरं जाळण्याचं धोरण हट्टाने रेटणारे सेनानी. १९८४ पर्यंत जगले. त्यांचा पुतळा उभारायचा तर त्यांच्या निर्णयाची बाजू घ्यावीच लागते. ग्रीन पार्कमध्ये मात्र एका विमानातले सातजण उभे आहेत, नुकतेच उतरल्यासारखे, दमलेले. त्यांच्या डोक्यावरच्या छतात मे १९४४ मध्ये बेल्जियमवर पाडल्या गेलेल्या एका हॅलिफॅक्स विमानाचं ॲल्युमिनियम वापरलं आहे. ते विमान १९९७ मध्ये चिखलातून वर काढलं तेव्हा आत तिघांचे अवशेष होते. १९३९ ते १९४५ या काळात बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचाही उल्लेख तिथे कोरलेला आहे. ती एक ओळ सोडली तर सगळी बांधणी विजयाच्या देवळासारखी आहे, आणि ते मला खटकतं. पण म्हणून त्या सातजणांना हॅरिस यांच्या रांगेत उभं करणं हा अन्याय आहे.

भाच्याच्या बाजूने बोलायचं तर पुरावा भक्कम आहे, आणि तो पूर्ण मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात बॉम्बर कमांडला स्पष्ट सांगितलं होतं की शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कारखान्यांतल्या कामगारांचं, मनोधैर्य मोडणं हे मुख्य लक्ष्य. म्हणजे घरं पडली ती चुकून नव्हे. जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गला आगीचं वादळ उठलं. ३४,००० ते ४०,००० माणसं मेली, कित्येकजण तळघरात गुदमरून. युद्धाचा निकाल जवळजवळ लागलेला असताना, फेब्रुवारी १९४५ मध्ये, ड्रेस्डेनला २५,००० च्या आसपास आणि फोर्झहाइमसारख्या लहान शहरात एका संध्याकाळी १७,००० हून जास्त. त्या काळी हे कोणाला कळतच नव्हतं, असंही नाही. ९ फेब्रुवारी १९४४ रोजी बिशप जॉर्ज बेल यांनी ब्रिटनच्याच वरिष्ठ सभागृहात उभं राहून या धोरणाला जाब विचारला होता. देश युद्धात असताना हे बोलायला छाती लागते.

दुसरा मुद्दा त्याहून अवघड. हे विमानवाले सक्तीचे शिपाई नव्हते. बॉम्बर कमांडमधला प्रत्येकजण विमानात बसायला स्वतःहून तयार झालेला होता. त्यामुळे "बिचारे हुकमाचे ताबेदार" ही ढाल मी वापरणार नाही. न्यूरेम्बर्गच्या खटल्यानंतर ती कोणीच वापरू नये. "सुरुवात जर्मनांनी केली" हेही मला पुरत नाही. जर्मन बॉम्बनी उद्ध्वस्त झालेली गेर्निका, वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री ही नावं खरी आहेत. पण हॅम्बर्गच्या तळघरात गुदमरलेल्या पोराने कॉव्हेंट्रीवर बॉम्ब टाकला नव्हता.

मग उरतं काय? एकाच शहरावरच्या दोन रात्री घेऊ. ३१ मार्च १९४४ ही तारीख डुर्नबाखच्या दगडांवर भेटते. ३० मार्चच्या रात्री न्यूरेम्बर्गवर निघालेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परत आली नाहीत. चांदणं लख्ख होतं, रात्री फिरणाऱ्या जर्मन लढाऊ विमानांना ती वाटेतच सापडली, आणि जी पोचली त्यांतल्या बऱ्याच जणांचे बॉम्ब ढगांमुळे भलतीकडे पडले. त्या रात्री खालच्या शहरात मेले त्यांच्या कितीतरी पट माणसं वर आकाशात मेली: ५०० हून जास्त. आता २ जानेवारी १९४५. तेच शहर, तशीच विमानं, तोच हेतू. मोजकीच विमानं पडली आणि खाली १,८०० च्या वर माणसं मेली, जुनं न्यूरेम्बर्ग राखेत गेलं. पहिल्या रात्री मेलेला गनर, विमानातली मशीनगन चालवणारा, निरपराध आणि दुसऱ्या रात्री जगून परतलेला गनर खुनी, असं म्हणायचं का? की वारा, ढग आणि चंद्र यांनी ठरवायचं कोण काय ते? दोघांचा दोष तरी सारखा किंवा दोघांचं शौर्य तरी सारखं मानावं लागेल. मला वाटतं दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच एका शब्दाचा शिक्का त्या दगडावर बसत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जिचा मला राग येतो. कबरीला खुनी म्हणण्यात ज्यांनी निर्णय घेतला ते अलगद सुटतात. ड्रेस्डेननंतर, २८ मार्च १९४५ रोजी, चर्चिल यांनी सेनाप्रमुखांना लिहिलं की दहशत वाढवण्यासाठी शहरांवर होणाऱ्या बॉम्बफेकीचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे. जणू काही हे धोरण कोणा तिसऱ्याचंच होतं. सेनानी चिडले, टिपण मागे घेऊन सौम्य करावं लागलं. पण त्या कागदातून एक कळतं: ज्यांच्या मंजुरीने हे घडलं ते हात झटकायला तयार झाले होते. विमानवाल्यांना वेगळं मोहीमपदक कधीच मिळालं नाही. २०१३ मध्ये फितीवर लावायची एक पट्टी मिळाली, तोवर बहुतेक गेले होते. जिवंत असताना वापरायचं, जिंकल्यावर लाजायचं, आणि पुढच्या पिढ्यांनी शिव्या द्यायच्या त्या थडग्यांना. यात नैतिक धैर्य कुठे आहे?

मामांची बाजू मला भावनेने जवळची, पण तीही लंगडी. हीरो म्हटलं की एखादा गिब्सन आठवतो: धरणांवरच्या हल्ल्याचा नायक, व्हिक्टोरिया क्रॉस, हॉलंडमधल्या स्टीनबर्गनला कबर. उरलेल्यांचं काय? बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख विमानवाल्यांपैकी ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. सरासरी वय बाविशीच्या आसपास. तीस फेऱ्या पुऱ्या केल्या की विश्रांती मिळायची, आणि तीसपर्यंत पोचणारे थोडे. पानिपतची बातमी नाना­साहेबांना सावकारी भाषेत कळली असं आपण लहानपणापासून ऐकतो: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. पानिपतच्या त्या खुर्द्याची नावं आज आपल्याकडे आहेत का? गावोगाव घरं ओस पडली आणि आठवण राहिली ती मोत्यांची. विमानाच्या शेपटात, काचेच्या पिंजऱ्यात, गोठणाऱ्या थंडीत आठ-आठ तास एकटा बसणारा गनर हा असाच खुर्दा होता.

डुर्नबाखमध्ये तो खुर्दा मोजलेला आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या, राष्ट्रकुल देशांच्या युद्धसमाधी आयोगाने ठरवलं की अधिकारी असो वा शिपाई, दगड सारखाच. नाव, हुद्दा, दलाचं चिन्ह, तारीख, वय, आणि तळाशी घरच्यांनी निवडलेले चार शब्द. युद्धानंतर ब्रिटिश हवाईदलाची शोधपथकं ४०,००० हून जास्त बेपत्ता विमानवाल्यांच्या मागावर युरोपभर हिंडली. पाद्र्यांच्या वह्या पाहिल्या, शेतातली थडगी उघडली, कॉलरवरच्या धोब्याच्या खुणेवरून ओळख पटवली. जळालेल्या विमानातले देह वेगळे करता आले नाहीत तिथे सगळ्यांना एकत्र पुरलं आणि दगड एकमेकांना चिकटून लावले. असे खांद्याला खांदा लावलेले दगड दिसले की पुढची गोष्ट सांगावी लागत नाही. मात्र ही समानता सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. आयोगाच्याच समितीने २०२१ मध्ये कबूल केलं की पहिल्या महायुद्धानंतर किमान १,१६,००० मृतांची, मुख्यतः आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतल्या लोकांची, नावानिशी नोंदच झाली नाही, आणि हजारो भारतीयांना गोऱ्यांपेक्षा उणं स्थान मिळालं. तत्त्व चांगलं होतं, पाळणारे पक्षपाती होते. म्हणून तत्त्व सोडायचं की राहिलेल्यांची नावं शोधायची?

आपल्याकडे याहून जुनी एक रीत आहे. गावाच्या वेशीपाशी, पडक्या देवळाच्या ओट्याला, झाडाखाली तिरके पडलेले वीरगळ असतात. खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा त्याला नेताहेत, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एकसरला तर अख्खी समुद्री लढाई, वल्ह्यांच्या रांगांसकट, दगडात कोरलेली आहे. वीरगळात मला सर्वांत मोलाची वाटते ती खालची चौकट. तो मेला तेव्हा काय करत होता, कोणावर शस्त्र उगारलं होतं, गाई सोडवत होता की पळवत होता, हे दगड लपवत नाही. वरच्या चौकटीतली स्वर्गाची ग्वाही मला या विमानवाल्यांसाठी नको आहे. ती द्यायचा अधिकार माझा नाही. पण खालची चौकट हवी. डुर्नबाखच्या दगडावर लढाईचं चित्र नाही, तारीख आहे. ती तारीख म्हणजे खालची चौकट. त्या तारखेचा माग काढला की ते कुठल्या शहरावर आले होते, वर किती मेले आणि खाली किती मेले, सगळं हाती लागतं. ज्याला खरोखर आठवण ठेवायची आहे त्याने एवढे कष्ट घ्यावेत.

"मग त्यांना त्यांच्या घरी तरी न्यायचं, इथे परक्यांत कशाला ठेवलं?" हा मामांचा प्रश्न होता, आणि तो खराच कळवळ्याचा. अमेरिकेने आपल्या कुटुंबांना निवड दिली, निम्म्याहून जास्त घरांनी देह परत मागवले. ब्रिटनने कोणालाच नेऊ दिलं नाही. ज्याच्यापाशी पैसा त्याचाच मुलगा घरी, असं होऊ नये हे त्यामागचं एक कारण. कित्येक आयांना मुलाची कबर आयुष्यात एकदाही बघता आली नाही. हे दुःख मी हलकं लेखत नाही. तरी मला वाटतं, बॉम्ब टाकणाऱ्याची कबर तो जिथे बॉम्ब टाकायला आला त्याच मुलखात असणं योग्य आहे. आपल्या गावच्या चर्चमागे तो नुसता मुलगा राहिला असता. इथे त्याला खालच्या शहरापासून तोडता येत नाही. उलट बाजूही तशीच आहे. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या कॅनक चेसला जवळजवळ ५,००० जर्मन मृत आहेत, त्यांत ब्रिटनवर आलेल्या विमानांतले आहेत आणि पहिल्या युद्धातल्या झेपेलिन या हवाई जहाजांमधलेही. त्यांची देखभाल ब्रिटिश करतात. रावण पडल्यावर विभीषण अडखळला तेव्हा रामाने सांगितलेलं "मरणान्तानि वैराणि" आपण येता-जाता म्हणतो. पण तिथेच थांबतो. पुढे तो म्हणतो, याचे संस्कार कर, "ममाप्येष यथा तव", हा जसा तुझा तसा माझाही. वैर संपल्याची घोषणा सोपी आहे. मेलेला माझाही आहे असं म्हणून त्याचं गवत ऐंशी वर्षं कापत राहणं अवघड. आणि रामाने रावणाचे अपराध पुसून टाकले असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

खाली मेलेल्यांनाही हाच नियम. ड्रेस्डेनच्या मृतांचा आकडा नाझी प्रचाराने दोन लाखांवर नेला, आणि दरवर्षी १३ फेब्रुवारीला तो फुगवलेला आकडा घेऊन त्यांचे वारसदार रस्त्यावर उतरतात. शहराने नेमलेल्या इतिहासकारांनी दफनाच्या नोंदी, कागदपत्रं, साक्षी तपासून २०१० मध्ये २५,००० पर्यंत अशी मर्यादा मांडली. काहींना वाटलं, यामुळे दुःख लहान होतं. मला उलट वाटतं. पंचवीस हजारांतल्या प्रत्येकाला नाव असू शकतं. दोन लाखांचा खोटा आकडा हा नुसता फलक असतो. त्याच शहरातल्या फ्राउएनकिर्श या चर्चचा नवा सोन्याचा क्रूस ज्या लंडनच्या कारागिराने घडवला, त्याचे वडील त्या रात्री ड्रेस्डेनवर आलेल्या विमानवाल्यांपैकी होते. मुलाने बापाला नाकारलं नाही आणि बापाने केलेलंही नाकारलं नाही. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो प्रथमच गप्प बसला.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर त्याच गवतात आहे. डुर्नबाखमध्ये भारतीयांचा वेगळा भाग आहे. तिथल्या स्मारकावर अविभाजित भारताच्या सैन्यातल्या २३ जणांची नावं आहेत. फ्रान्स-जर्मनीत युद्धकैदी असताना ते मेले आणि त्यांच्या धर्माप्रमाणे त्यांना अग्नी दिला गेला. नेताजींनी जर्मनीत उभारलेली भारतीय फौज, लीजनही अशाच भारतीय कैद्यांमधून आली होती. म्हणजे एकाच कुंपणामागे काहीजण लीजनमध्ये गेले, काही गेले नाहीत, काही दोन्हींच्या आधी मेले. त्यांना आज देशभक्त आणि भाडोत्री अशा दोन पिशव्यांत भरायचं का? नाव कोरलेलं असलं की त्याचा अर्थ कोरणाऱ्याच्या हातात राहत नाही. कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला. त्यावर महार शिपायांची नावं होती म्हणून १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे जाऊ शकले, आणि त्या दगडाने कंपनीच्या स्वप्नातही नसलेलं काम केलं. नावं नसती तर?

आणि संबंध एकतर्फी नाही. पुण्यात खडकीला महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत, पश्चिम आणि मध्य भारतातून, जिथे देखभालीची शाश्वती नव्हती अशा ठिकाणांहून गोळा केलेल्या. माझं बालपण तिथून दोन किलोमीटरवर गेलं. ज्यांची नावं आम्हाला उच्चारता येत नव्हती त्यांच्या कबरींवरचं गवत आपल्याच गावची माणसं कापतात, पावसाळ्यात वाफे सावरतात. त्यांना कोणी विचारत नाही की तुमचा काय संबंध.

एक धोका मात्र मलाही दिसतो. सगळेच मृत सारखे, सगळ्यांचीच दया, असं म्हणत गेलं की युद्ध कशासाठी झालं तेच धुऊन जातं. डुर्नबाख ते होऊ देत नाही. तिथल्या एका कबरीत फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीतून आणलेली राख आहे. किती जणांची, कोणाकोणाची, कोणालाच सांगता येत नाही. विमानवाल्यांच्या दगडांपासून ती काही पावलांवर आहे. एका बाजूला शोधपथकांनी धोब्याच्या खुणेवरून परत मिळवलेली नावं, दुसऱ्या बाजूला ज्यांचं नाव मुद्दाम जाळलं गेलं ते. हॅम्बर्गचं समर्थन या राखेने होत नाही. पण ही पोरं ज्या राजवटीविरुद्ध उडाली ती काय होती, हे विसरून त्यांच्याविषयी बोलताही येत नाही.

भाच्याने त्या दिवशी एका दगडाचा फोटो काढला होता. मला वाटलं, वादात वापरायला. दोन आठवड्यांनी पुण्याहून त्याचा निरोप आला. फोटोतला गनर एकोणीस वर्षांचा होता, तारीख ३१ मार्च १९४४. भाच्याने त्या रात्रीचा सगळा माग काढला होता आणि तारखेखाली दोन आकडे लिहिले होते, वरचा आणि खालचा. शेवटी विचारलं होतं, त्याच्या शेजारच्या दगडांवर कुठल्या तारखा आहेत. शनिवारी वही घेऊन जाणार आहे. पहिल्या रांगेपासून उतरवून घेतो.